अण्णांच्या जीपचा दम

अण्णांचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं. उन्हाळ्यात डावी नाकपुडी, पावसाळ्यात उजवी, आणि आसपासच्या द्राक्षबागांवर औषध फवारायचे दिवस आले की दोन्ही. त्यामुळे त्यांच्या बोलण्यातला ‘म’ बाहेर येताना ‘ब’ होऊन यायचा. दैव असं, की ज्या शब्दावर त्यांचा सगळा जीव होता तो शब्द नेमका ‘दम’. “बाणूस असो, बशीन असो, दब पाहिजे!” असं ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे. नव्या माणसाला वाटायचं, अण्णा आपल्याला दबून राहायला सांगताहेत. यापुढे मी त्यांचं बोलणं शुद्ध करून लिहिते. वाचणाऱ्याच्या नाकाला त्रास नको.

नाशिक रोडला शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहायला आले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. ट्रंक उचलून जिना चढत होते. वरच्या पायरीवर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कान टवकारून उभे. मदत करतील म्हणून मी थांबले, तर म्हणाले, “मास्तरीणबाई, तुझा श्वास वरच्या वर चाललाय. खालून घे.”

“आधी ही ट्रंक वरून घ्या,” मी म्हटलं.

आतून खो-खो हसत काकू बाहेर आल्या आणि ट्रंकेचं दुसरं टोक त्यांनी धरलं. त्या दिवसापासून त्या दोघांनी मला जवळजवळ दत्तकच घेतलं. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेलेली, आणि घरात ऐकून घेणारं माणूस एकानं कमी झालेलं. ती जागा रिकामी होती.

अण्णांच्या मते जगातले सगळे प्रश्न हवेचे होते. डाळ शिजली नाही, स्टोव्हला हवा नाही. सोसायटीची सभा मोडली, लोकांना दम नाही. कुणाचा पोरगा दहावीत गचकला, तर तो खिडकी लावून अभ्यास करत असणार. स्वतःच्या नाकाचा विषय काढला की मात्र म्हणायचे, “ते मूळचंच अरुंद आहे. कंपनी फिटिंग. त्यात हात घालू नये.” कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा पत्ता काकूंनी त्यांच्या खिशात अनेकदा घातला, पण तिथवर जायला अण्णांना दम नव्हता.

जीपच्या बाबतीत मात्र कंपनी फिटिंगचा त्यांना मनस्वी तिटकारा. ती हिरवी डिझेल जीप त्यांनी एका सरकारी लिलावात घेतली होती. तिच्या बॉनेटखाली एक काळा, पातेल्याएवढा डबा होता. डब्याच्या तळाशी तेल. हवा आत शिरताना त्या तेलावर आपटायची, धूळ तेलात चिकटून राहायची आणि स्वच्छ हवा इंजिनात जायची. तेल मळलं की ओतून द्यायचं, नवं घालायचं, संपलं. इतकी सोपी गोष्ट अण्णांना आवडणं शक्यच नव्हतं. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी चकचकीत, उघड्या, शंकूच्या आकाराच्या फिल्टरची जाहिरात पाहिली आणि त्यांची झोप उडाली. “बघ, बघ! कंपनीवाल्यांनी इंजिनाचं नाक दाबून ठेवलंय आणि वर म्हणतात, पळ!” हे सांगताना ते स्वतः तोंडानं श्वास घेत होते.

ते मुंबईला गेले आणि जुन्या बाजारातून तसला फिल्टर घेऊन आले. बाळू मिस्त्रीनं काळा डबा काढून फेकला. काकूंनी तो उचलला, सोड्यानं स्वच्छ घासला आणि गच्चीत कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतला. नव्या फिल्टरनं जीप सुरू झाली तेव्हा बॉनेटखालून मोठा, घोगरा घोरण्यासारखा आवाज आला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “ऐकलंस? श्वास घेतेय!” बाळूला मी हळूच विचारलं, “खरंच फरक पडतो का रे?” बाळू हात पुसत म्हणाला, “पडतो ना मॅडम. सायबांना वाटलं तर पडतोच. आपण कशाला पाडायचा नाय?” बाळूचं गॅरेज पुढं बरंच मोठं झालं.

आता फरक पडला हे सिद्ध करायचं, तर मोजायला हवं. अण्णांचा घड्याळावर विश्वास नव्हता. घड्याळ इंजिनाच्या थरथरीनं मागंपुढं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा विश्वास होता काकूंच्या स्तोत्रावर. काकूंना माहेरचं एक लांबलचक स्तोत्र पाठ होतं आणि त्यांचं सगळं स्वयंपाकघर त्यावर चालायचं. इडलीला एक आवर्तन, कुकर उतरल्यावर फलश्रुती होईपर्यंत उघडायचा नाही. इडली कधी कच्ची निघाली नाही. पेठच्या रस्त्यावरच्या घाटात जीप चढायला लागली की भीतीनं काकूंच्या तोंडून तेच स्तोत्र आपोआप सुरू व्हायचं. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याखालच्या मोरीपाशी पहिला शब्द, आणि माथ्यावर शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड आला की फलश्रुतीचा शेवटचा. जुन्या डब्यावर हे गणित कधी चुकलं नव्हतं. “चाळीस वर्षं ऐकतोय,” अण्णा म्हणायचे, “हिच्या म्हणण्यात तसूभर फरक नाही. असलं घड्याळ स्वित्झर्लंडमध्ये होत नाही.”

नवा फिल्टर बसला त्या रविवारी अण्णा चालवायला, शेजारी काकू, मागं मी आणि जेवणाचे डबे. मोरी आली, काकूंनी डोळे मिटले, स्तोत्र सुरू झालं. वाघदेव आला तेव्हा फलश्रुतीचे दोन श्लोक शिल्लक होते! अण्णांनी करकचून ब्रेक मारला, उडी टाकून उतरले आणि वाघदेवालाच नमस्कार केला. तिथल्या चहाच्या टपरीवर जेवढी माणसं होती तेवढ्यांना त्यांनी चहा पाजला. मीही खूश झाले. अण्णांचा तसला चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता.

पुढं त्यांनी त्याहून मोठा फिल्टर आणला, कापसाच्या पदरांचा. त्याला विशिष्ट तेल हलकं लावायचं असतं, असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं. ते तेल नाशकात मिळेना. अण्णांनी विचार केला, श्वासाचंच काम आहे, मग श्वासाचं तेल का नको? आणि स्वतःच्या नाकासाठी घरात असलेली निलगिरीच्या तेलाची अख्खी बाटली त्यांनी त्या कापसात जिरवली. त्या रविवारी आम्ही हरसूलच्या बाजाराला निघालो. उन्हाळ्याचे दिवस, लाल फुफाटा उडत होता, आणि जीप जिथं उभी राहील तिथं आजाऱ्याच्या खोलीसारखा वास. बाजारात नागलीच्या पोत्याला टेकून बसलेला एक म्हातारा उठून बॉनेटपाशी आला, दोनदा हुंगला आणि काळजीनं म्हणाला, “सायेब, गाडीला सर्दी झाली हाय का?”

काकूंनी पदर तोंडात कोंबला. अण्णा गंभीरपणे म्हणाले, “होती. आता मोकळं झालंय.”

मोकळं झालं होतं हे खरं. निलगिरी उडून गेल्यावर कोरड्या कापसातून हरसूलची लाल माती थेट इंजिनाच्या पोटात जात होती.

तरी त्या फिल्टरवरही घाटात जीप जिंकली. या खेपेला तर जवळजवळ अर्धी फलश्रुती शिल्लक राहिली. पण मी शाळेत दिवसभर पोरांकडून कविता म्हणवून घेणारी बाई. कोण गडबडीनं म्हणतं आणि कोण वेळ काढतं, हे माझ्या कानाला पाठ फिरवूनही कळतं. त्या दिवशी काकूंनी प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द लांबवला होता. आणि वरून दुसऱ्या वळणावर, जिथं दरीच्या बाजूचा कठडा तुटलेला आहे, तिथं स्तोत्र अर्ध्यावर ठेवून त्यांनी भलीमोठी जांभई दिली होती. ज्या वळणावर माझा जीव मुठीत असायचा तिथं या बाईला झोप कशी येते?

अण्णा बॉनेट उघडून फिल्टरकडं कौतुकानं बघत होते. टपरीच्या बाकावर मी काकूंना गाठलं. “काकू, आज फलश्रुती एवढी का लांबली?”

काकूंनी बशीत चहा ओतला. “लांबली तर लांबली. देवाला काय घाई आहे?”

“काकू!”

“अगं, ते हरले तर लगेच मुंबईला जातील. पुढचा फिल्टर आणतील. जिंकले की महिनाभर घरात शांतता.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि दुसरं असं, की सरकारी नोकरीत बढतीसाठी खात्याची परीक्षा ते आयुष्यभर देत राहिले आणि नापास होत राहिले. त्यांच्या हाताखालची पोरं साहेब झाली. कॉलनीच्या गणपती मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले, तर त्यांना पडलेल्या मतांत माझं एक होतं, तुझं एक. हा एवढा एक घाट आहे बघ, जिथं ते जिंकतात. तिथं मी खडखडीत आवाजात ‘संपलं’ म्हणून मोकळी होऊ?”

त्यांनी बशी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “त्यांना कळता कामा नये हं. कळलं तर घाटही जाईल आणि मीही खोटी पडेन.” मग मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “जांभई बरी जमली ना?”

तेव्हापासून रविवारची ती फेरी मला वेगळीच दिसायला लागली. अण्णांचा सगळा कान इंजिनाच्या घोरण्याकडं. आणि शेजारी एक बाई डोळे मिटून, देवाचं नाव घेत, नवऱ्याला जिंकवण्यासाठी श्वास पुरवून पुरवून वापरतेय.

जिंकल्यावर अण्णा गप्प बसतील हा काकूंचा हिशेब मात्र कच्चा निघाला. महिना सरला की त्यांना आणखी मोठा विजय हवासा वाटायचा. मग सोंड आली. काचेच्या कडेनं टपापर्यंत चढत गेलेला काळा पाइप, इंजिनानं वरची स्वच्छ हवा घ्यावी आणि नदी ओलांडताना गुदमरू नये म्हणून. आमच्या रस्त्यावर ओलांडण्यासारखी एकही नदी नव्हती, सगळीकडं पूल होते. सोंड म्हणजे खरं तर संडासाचा प्लास्टिकचा पाइप होता, बाळूनं त्याला रंग दिलेला. गणपतीत कॉलनीतल्या कुणीतरी तिला दूर्वा वाहिल्या. पावसाळ्यात तिच्या तोंडातून पाणी आत जायला लागलं, तेव्हा अण्णांनी काकूंची चहाची गाळणी वर बसवली. महिनाभर काकूंनी चहा फडक्यानं गाळला.

नंतर सायबर कॅफे निघाले. अण्णा तिथं बसून अमेरिकेतल्या जीपवाल्यांची भांडणं वाचायचे. एक म्हणे, फिल्टरनं ताकद वाढते. दुसरा म्हणे, वाढतो तो फक्त आवाज, आणि धुळीच्या रस्त्यावर तर कंपनीचाच बरा. दोघंही एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढत. अण्णा पहिल्याची पानं छापून आणायचे, दुसऱ्याची वाचायचेच नाहीत. मी एकदा विचारलं, “अण्णा, तो दुसरा काय म्हणतो?” तर म्हणाले, “त्याच्याकडं मोजायला काय आहे? माझ्याकडं पुरावा आहे.” आणि काकूंकडं बोट दाखवलं. काकू मटार सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

इकडं धूळ खाऊन इंजिन खरोखरच थकत चाललं होतं. धूर निळा झाला, तेल पिणं वाढलं, घाटात जीप रांगायला लागली. तिचा वेग जसजसा कमी झाला, तसतसं काकूंना स्तोत्र जास्त ताणावं लागलं. एखादा शब्द तर त्या एका वळणावर सुरू करून दुसऱ्या वळणावर संपवायच्या. तुटक्या कठड्यापाशी जांभई तर ठरलेलीच. शेवटी एक दिवस बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं, आणि तरी वाघदेव फलश्रुतीच्या आधीच आला. अण्णा त्या दिवशीही जिंकले! पुढं इंजिन खोलावंच लागलं. आतले भाग सँडपेपरनं घासल्यासारखे झाले होते. बाळू म्हणाला, “डिझेलात भेसळ, दुसरं काय?” आणि अण्णांनी लगेच मान डोलावली. नवे भाग पडले, जीप पहिल्यासारखी पळू लागली, फिल्टर मात्र जागचा हलला नाही.

त्यानंतर दोनएक वर्षांनी काकू आजारी पडल्या. अण्णा रोज दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत असायचे. या वेळी ते कुणाला काही सांगत नव्हते. थंडी संपता संपता काकू गेल्या.

जीप पुढं कित्येक महिने फडकं पांघरून उभी होती. काकूंचं स्वयंपाकघर बंदच झालं; अण्णा खानावळीचा डबा आणायला लागले. मग एका रविवारी सकाळी दारात येऊन म्हणाले, “मास्तरीणबाई, चल. घाटात जाऊ.”

पुढच्या सीटवर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. मोरीपाशी अण्णांनी स्वतःच स्तोत्र सुरू केलं. पन्नासएक वर्षं कानावर पडलेलं, एक शब्द चुकला नाही. चोंदलेल्या नाकानं, सरळ, जसं म्हणायचं असतं तसं म्हणत होते. शेवटचा शब्द संपला तेव्हा समोर वाघदेवाचा दगड होता. नेमका तिथंच. एक श्लोक शिल्लक नाही, अर्धा नाही.

अण्णांनी गाडी थांबवली. दगडाकडं बघतच त्यांनी विचारलं, “मी भराभर म्हटलं का गं?”

“हो अण्णा,” मी म्हटलं. “फार भराभर म्हटलंत.”

“मग तू म्हण. ऐकून ऐकून तुलाही पाठ झालंय.”

आम्ही घाट उतरून पुन्हा मोरीपाशी आलो. मी खरं म्हटलं असतं, तर या माणसाची सगळी जिंकलेली वर्षं त्या घाटात पडली असती, आणि काकू खोट्या पडल्या असत्या. मी डोळे मिटले आणि काकूंसारखी ओळीचे शेवट ओढत ओढत म्हणत गेले. म्हणता म्हणता श्वास पुरेना. हे त्या कशा करत असतील कोण जाणे! तुटक्या कठड्याचं वळण आलं, आणि सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, मी थांबून एक मोठी जांभई दिली.

अण्णांनी ब्रेक मारला.

चढावरच जीप उभी राहिली. मी धावत उतरून चाकामागं दगड लावला. वर बघितलं, तर अण्णा स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते.

“तीपण इथंच जांभई द्यायची,” ते म्हणाले. “मला वाटायचं, हिला घाट लागतो.”

मी हातांना लागलेली माती पदराला पुसली.

“किती वर्षं?”

“पहिल्या फिल्टरपासून असेल, अण्णा.”

ते आधी हसले. खरंच हसले, मिशा हलेपर्यंत. मग हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नसावं. मागं पेठची एसटी येऊन हॉर्न वाजवत होती. अण्णांनी बॉनेटकडं हात केला आणि म्हणाले, “यात काहीच नव्हतं गं. दब तिचा होता.”

नेहमीसारखं ‘दब’च म्हणाले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीतल्या काळ्या डब्यातले चिमटे त्यांनी एका पिशवीत काढून दोरीला टांगले. डबा पुसला, तेल घातलं, आणि बाळूला न बोलावता स्वतःच्या हातानं तो जुन्या जागी बसवला. सोंडही काढली. गाळणी धुऊन काकूंच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवली. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मी स्तोत्र सरळ म्हटलं, न ओढता, न थांबता. बॉनेटखालून घोरणं नव्हतं, त्यामुळं माझा शब्द न् शब्द गाडीत ऐकू येत होता. इतकी वर्षं काकूंचा शब्द अण्णांना नीट ऐकूच आला नव्हता. वाघदेवाचा दगड आला आणि शेवटचा शब्द संपला.

“बरोबर,” अण्णा म्हणाले. “हीच तिची वेळ.”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मोठ्यानं नाक शिंकरलं. काही उपयोग झाला नाही.